पूजेतला सॅक्सोफोन

विद्याधर कोरगावकरांनी चाळीस वर्षं हॉटेलांत जॅझ सॅक्सोफोन वाजवला, अरेंजर म्हणून दुसऱ्यांची गाणी सजवून दिली. नाव मात्र कुठेच लागलं नाही. यंदा मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीने दसऱ्याची आरती बसवायला सांगितली, तेव्हा त्यांनी महिनाभर बसून नोटेशन लिहिलं आणि चार जुने साथीदार गोळा केले.

खंडेनवमीला त्यांच्या पत्नी जयंतीबाईंनी सॅक्सोफोन पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं वाद्य दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. तेवढ्यात सेक्रेटरी अल्पेश आला.

"काका, साथीदार नकोत. तुमच्या नोटेशनवरून लॅपटॉपवर ट्रॅक केलाय. उद्या तुम्ही फक्त सॅक्स धरून उभे राहा ना. फोटो झकास येतील."

"म्हणजे फुंकायचं सोंग करू?"

"कोणाला कळणार, काका?"

विद्याधर नेहमीसारखेच मान खाली घालून नोटेशनचे कागद आवरू लागले. ते बघूनच जयंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"देवीला कळेल रे! तिच्यापुढे माझ्या नवऱ्याचं बुजगावणं करतोस?" मग नवऱ्याकडे वळून त्या कडाडल्या, "उचला तो!"

"अगं, पूजेतला आहे."

"माझा नेम मी मोडतेय. देवीला काय सांगायचं ते मी बघेन. तुम्ही वाजवा."

कुंकवाच्या बोटांनी विद्याधरांनी अख्खी आरती फुंकली. शेजारची दारं उघडली. धाप लागलेली असतानाच ते अल्पेशला म्हणाले, "उद्या आम्ही पाच जण वाजवू. नाहीतर त्या ट्रॅकमधून माझा एकूण एक सूर काढून टाक."