झाकलेला लोटा

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी तिथे कॉलेजात होतो. रमजानभर एकही नमाज सोडली नाही, पण ईद होऊन आठवडा झाला नाही तोच असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज चुकली. आता सगळंच सुटेल, या भीतीने दुसऱ्या दिवशी मशीद गाठली.

हौद कोरडा होता. वजूला, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायला, माणशी एक लोटा पाणी मिळे. समोरच्या दुकानातला पंक्चरवाला हौदाकाठी मातीने हातांचं ग्रीस घासत बसला होता. रमजानभर शेजारी नमाज पढूनही त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्याने रुमालाने झाकलेला लोटा माझ्याकडे सरकवला.

"तुझं कालचं पाणी. लई वाट बघितली."

"चाचा, उद्याही नमाज चुकेल असं वाटतंय."

"मलाबी माझा भरवसा न्हाई, बेटा. तुझा लोटा भरायचा म्हणून तरी येणं होतंय."

दुसऱ्या दिवशी मी आधी जाऊन त्याचा लोटा भरून ठेवला. तो येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.