लाईट आल्यावरची दोन मिनिटं

शंकरराव गेल्याचा फोन आला तेव्हा ग्रंथालयात लाईट नव्हती. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा सकाळी गेले..." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "म्हणजे आज येणार नाहीत?"

शंकरराव आमच्या सांगलीच्या कॉलेजचे वायरमन. त्याआधी माधवनगरच्या एका गिरणीत मागांची दुरुस्ती करायचे. कॉलेजात संगणक आले, तेव्हा प्राध्यापक मंडळी लांबूनच बघत राहिली आणि यांनी संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचं जाडजूड पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं! पुस्तकांची यादी त्यांनीच वेब सर्व्हरवर, म्हणजे ती सगळ्या संगणकांवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चढवली. पण लाईट जाऊन आली की संगणक आपला सुरू व्हायचा, सर्व्हर मात्र झोपलेलाच. त्याला उठवायला शंकररावच लागायचे. छातीचं दुखणं निघालं, तेव्हा त्यांनी एका फाइलीत चार ओळी लिहिल्या. संगणक सुरू झाला की सर्व्हरही आपोआप सुरू.

"आता मी नसलो तरी तुमचं आडायचं न्हाई."

त्यातली पहिली ओळ होती दोन मिनिटं थांबण्याची. मी साताऱ्याची, जन्माची उतावीळ. दारात मुलांची रांग आणि आम्ही बसलोय पडद्याकडे बघत! मी कुरकुरले की म्हणायचे, "आवं बाई, लाईट आली म्हंजी टिकली असं न्हाई. लगेच माग सुरू केला की सूत तुटतंय."

एकदा ते रजेवर असताना मी ती ओळ काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी लाईट आली, गेली, पुन्हा आली, आणि मी पंधरा दिवस भरलेल्या नोंदी पार बिघडल्या. शंकररावांनी तीन दिवस खपून जमेल तेवढं वाचवलं, ती ओळही परत घातली. मग पंख्याकडे बघत म्हणाले, "कुनीतरी ओळ काढली वाटतं." मी रजिस्टरात डोकं घातलं. नंतर सांगू, नंतर सांगू, म्हणता म्हणता राहूनच गेलं. याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात, शंकररावांच्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअरनं ती फाइल उघडली. "मॅडम, हे मराठीत काय लिहिलंय? ही ओळ संगणक वाचत नाही, सोडून पुढे जातो." थांबण्याच्या ओळीच्या वर, इंग्रजी अक्षरांत, शंकररावांनी लिहिलं होतं:

"बाई, घाई झाली तर मला हाक मारा."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं... इंजिनिअर दोन्ही ओळी काढायला निघाला होता. मी त्याचा हात धरला.

काल दुपारी लाईट आली. मुलं रांगेत चुळबुळत होती. मी हाताची घडी घालून दोन मिनिटं बसून राहिले.