दुधनेवरचा एकेरी पूल

आमच्या व्याह्यांनी रेल्वेचे जेवढे नुकसान केले, तेवढे मराठवाड्यात आजवर कोणी केले नसेल. त्यांनी आयुष्यात रेल्वेची नोकरी एक दिवसही केली नाही, हे रेल्वेचे भाग्य. बदनापूरला त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि त्यांची सारी रेल्वे एका टॅबमध्ये मावते. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या सुनेने, तो टॅब पुण्याहून आणून दिला आणि त्यात रूळ टाकून गाड्या चालवण्याचा एक खेळ घालून दिला. वडिलांनी महिनाभर एका जागी बसावे, एवढीच तिची अपेक्षा होती. ते बसले. आता उठवले तरी उठत नाहीत. 'माझी सून' हे शब्द मी सवयीने लिहिले. ती आणि माझा मुलगा एकमेकांपासून वेगळी राहू लागली, आणि पुढे परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात गेला. दोघेही चांगली आहेत. त्यांचे जमले नाही. याहून अधिक मला ठाऊक नाही, मी विचारलेलेही नाही. त्या दिवसांत माझ्यापुढे प्रश्न होता तो एवढाच, की निकाल लागल्यावर या गृहस्थांचे आणि माझे काय व्हायचे. या वयात नवा स्नेह जुळत नाही. आणि हा तर मी जुळवलेलाही नव्हता, लग्नाबरोबर आंदण आला होता.

खेळ समजायला सोपा आहे. पडद्यावर एक नकाशा येतो, त्यात नदी असते, डोंगर असतो, आणि इकडे तिकडे विखुरलेली स्थानके असतात. बोटाने रूळ ओढायचे, सिग्नल लावायचे, गाड्या सोडायच्या. स्थानकांवर माणसे आणि माल साचत जातो. साचून ओसंडला की डाव बुडाला. दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या तर दोन्ही जागच्या जागी. तेव्हा कोणाला थांबवायचे आणि कोणाला सोडायचे, एवढीच त्यातली विद्या. मात्र स्थानकांना आपल्या पसंतीची नावे देण्याची सोय खेळ करणाऱ्याने ठेवली, आणि आमच्या व्याह्यांचा घात तिथे झाला.

कारण या गृहस्थांनी उभी हयात लग्नाचे बस्ते बांधण्यात घालवली आहे. बस्ता म्हणजे नवरानवरीचे कपडे, असा समज असणाऱ्याने कधी लग्न लावलेले नसते. मामाला काय द्यायचे, मावशीच्या यजमानांना काय, टोपी-टॉवेलावर भागणारे कोण आणि पूर्ण पोशाखाविना रुसणारे कोण, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी समजते. आमच्या मुलांच्या लग्नात माझा एक दूरचा चुलतभाऊ, ज्याला मी स्वतः विसरलो होतो, उपरणे मिळाले नाही म्हणून मांडवामागच्या जीपमध्ये जाऊन बसला. पंगत खोळंबली. मी म्हणालो, बसू द्या. व्याही मात्र नवे उपरणे घेऊन त्या जीपपाशी गेले, बराच वेळ मनधरणी करत उभे राहिले, आणि त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत आणून बसवले. वरण तोवर गार झाले होते. तो चुलतभाऊ आजही भेटला की त्यांची विचारपूस करतो. माझी करत नाही.

हाच बस्ता त्यांनी रेल्वेला बांधला. नकाशावरची नदी ही आपल्याकडची दुधनाच, असे त्यांनी ठरवून टाकले. ती उलट्या अंगाला वळते, हे मी दाखवले तेव्हा म्हणाले, "नदीचं काय इवाई, वळंल की हळूहळू." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. एका स्थानकाचे नाव पिंपळगाव रेणुकाई, कारण तिथली रेणुका त्यांचे कुलदैवत. देवीची गाडी कुठेही थांबत नाही, मग ती रिकामी असली तरी. ती सुटली की समोर गिऱ्हाईक असो, फाडायला घेतलेला तागा असो, ते आधी हात जोडतात. देवीखालोखाल मान घनसावंगीचा, म्हणजे माझ्या गावाचा, कारण ते मुलीचे सासर. मग त्यांच्या मामाचे गाव, मग थोरल्या साडूचे. सर्वांत शेवटी बदनापूर, ते त्यांचे स्वतःचे. आणि तिथे सोयाबीन आणि कापूस इतका साचतो, की डाव दर वेळी बदनापुरातच बुडतो. आमच्या घनसावंगीला खरी रेल्वे कधी आली नाही. व्याह्यांच्या टॅबमध्ये मात्र तिला जो मान आहे, तो राजधानीच्या गाडीलाही नसेल.

सुरुवातीचे टप्पे त्यांनी कसेबसे ओलांडले. पुढे एक टप्पा असा आला, की दुधनेवर पूल एकच आणि त्यावर रूळ एकेरी. एका बाजूने घनसावंगीची गाडी यायची, दुसऱ्या बाजूने बदनापूरचा माल. पुलाआधी बाजूचा रूळ होता. त्यावर एकाने घटकाभर थांबले की काम झाले. त्या पुलापाशी व्याही किती दिवस अडकून पडले, ते मी मोजले नाही.

"घनसावंगीची गाडी बाजूला घ्या," मी एकदा म्हणालो. "तुमचा माल जाऊ द्या. मग तिला सोडा."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पंगतीतून पाहुणा उठवायला सांगितला होता. "पोरीच्या सासरची गाडी आडवू? अन् माझी पुढं काढू? इवाई, तुमी बी काय बोलून राह्यले!"

"गाडीत कोणी नाही. नुसते ठिपके आहेत."

"ठिपके असले म्हनून काय झालं? तुमच्याकडचे हायेत न्हवं!"

ही बाधा टॅबपुरतीही राहिली नव्हती. बदनापूर स्थानकाबाहेर एखादी खरी गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहिली, की ते दुकानातून उठत, काठी टेकत रस्त्यावर येत आणि दिसेल त्याला विचारत, "कुनाकडची हाय ती? लई येळ झाला उभी हाय." जणू त्या गाडीला चहापाण्याचे विचारायचे राहून गेले होते.

हा खेळ जगभर खेळला जातो आणि खेळणारे आपापले अभिप्राय लिहितात, हे त्यांना कोणीतरी दाखवले, त्या दिवसापासून त्यांचा दुसरा उद्योग सुरू झाला. टॅबच ते अभिप्राय तोडक्यामोडक्या मराठीत करून देतो. कोणी लिहितो, कामावरून दमून आल्यावर या गाड्या पाहिल्या की डोके शांत होते. कोणी संगीताची स्तुती करतो. पुष्कळांची तक्रार एकच: सुरुवात गोड आणि शेवटचे टप्पे निर्दय. स्तुती वाचली की व्याह्यांना स्वतःचेच कोणी कौतुक केल्यासारखे वाटे. कोणी एकच तारा देऊन खेळाला नावे ठेवली, की ते दिवसभर अस्वस्थ. "येवढं रूळबीळ मांडून ठेवलंय त्या मान्सानं. जेवून उठल्यावर सैपाकाला नावं ठेवतं का कुनी?" असल्या प्रत्येक तक्रारखोराला त्यांना समजूत घालणारे उत्तर लिहायचे असे. परदेशातला तो मनुष्य जीपमध्ये जाऊन बसला आहे, अशीच त्यांची समजूत होती.

शेवटी स्वतःचा अभिप्राय द्यायचा ठरला आणि मजकुराचे काम माझ्याकडे आले. मी तहसिलीबाहेर बसून आयुष्यभर खरेदीखते लिहिली. दुसरे लिखाण मला येत नाही. मी लिहून दिले ते असे: 'कारणे अभिप्राय लिहून देतो ऐसाजे की, सदर खेळ गुणाने उत्तम असून डोळ्यांस व मनास त्रास देत नाही. परंतु दुधनेवरील पूल एकेरी ठेवल्याने पाहुण्यांस ताटकळत ठेवण्याची पाळी येते, ती शोभत नाही. सबब पूल दुहेरी करून मिळावा. हा अभिप्राय कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून दिला असे.' पाच तारे त्यांनी स्वतःच्या बोटाने दिले. काही दिवसांनी कुठल्याशा देशातल्या खेळाडूचे खाली उत्तर आले. पूल एकच असतो, त्याने लिहिले होते. कोणीतरी थांबलेच पाहिजे. सगळ्या गाड्या सारख्या समजा, सोपे जाईल. व्याह्यांनी ते दोनदा वाचले. "ह्याच्या घरी कुनाचं लगीन झालेलं दिसत न्हाई," ते म्हणाले.

हे सारे चालू असताना मुलांचे प्रकरण आपल्या गतीने पुढे जात होते. आम्ही दोघे त्याविषयी बोलत नसू. ते पूर्वीसारखे पंधरा-वीस दिवसांनी यायचे, बदनापूरहून जालना आणि जालन्याहून जीपने घनसावंगी. टॅब दुकानाच्या कापडी पिशवीत, त्याच्यावर माझ्यासाठी एखादा पंचा. माझी पत्नी मात्र हळूहळू बाहेर येईनाशी झाली. चहा आतून यायचा, ती यायची नाही. "दोन म्हातारे अन् एक पाटी," असे ती पूर्वी हसून म्हणत असे. तेही बंद झाले.

मग निकाल लागला. मुलाने फोनवर सांगितले, मी 'बरे' म्हणालो, त्याला जेवणाचे विचारले आणि फोन ठेवला. त्यानंतर व्याह्यांचा फोन आला नाही. त्यांच्या यायच्या दिवसांत ते आले नाहीत. मी एकदा म्हणालो, की व्याह्यांची प्रकृती बरी नसावी. पत्नी धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आता कशाचे इवाई? कागद झाला न्हाई का?" म्हणाली.

आणि एका दुपारी ते दारात उभे. पिशवी होती, काठी होती, पंचा नव्हता. नेहमी पायरीवरूनच "इवाई, हाव का घरात?" अशी हाक येत असे. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडले, पण हाक काही आली नाही. मी म्हणालो, "या."

ते बसले. गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला. "पोरीनं फोन केल्ता," ते म्हणाले. "म्हनली, बाबा, आता घनसावंगीला जाऊ नका. बरं दिसत न्हाई."

"मग?"

"मंग काय. आलो."

त्यांनी टॅब काढून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला, तक्क्याला टेकवून. तोच टप्पा, तोच पूल. "ह्ये काई सुटंना," एवढेच म्हणाले. मी पाहत राहिलो. कोर्टाच्या कागदाने काहीही बदललेले नव्हते. देवीची गाडी गेली, त्यांनी हात जोडले. पाठोपाठ घनसावंगीची गाडी मानाने पुलाकडे निघाली, आणि पलीकडे बदनापूरला माल साचू लागला.

"आता तरी थांबवा तिला," मी म्हणालो. "आता कोणाची हरकत नाही."

"कोर्टानं पोरांचं मोडलं," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "माझ्या हातानं मी कसं मोडू?"

तेव्हा मी हात पुढे केला आणि पुलाअलीकडच्या सिग्नलवर बोट ठेवले. तो तांबडा झाला. घनसावंगीची गाडी बाजूच्या रुळावर वळली आणि उभी राहिली.

"अहो! अहो, काय करून राह्यले तुमी?"

"माझ्या गावची गाडी आहे," मी म्हणालो. "मी थांबवतो. तुमचा माल काढा."

बदनापूरची मालगाडी पुलावर आली. लांबलचक गाडी, सारी साचलेली सोयाबीन आणि कापूस घेऊन ती दुधना ओलांडत होती आणि ते माझ्या उभ्या गाडीकडे पाहत होते. तिला उभे राहून फार वेळ झाला नव्हता, तरी त्यांचे बोट पुन्हापुन्हा सिग्नलकडे जात होते. शेवटचा डबा गेला. मी सिग्नल सोडला, माझी गाडी निघाली, आणि थोड्या वेळाने पडद्यावर तारे आले, वाद्य वाजले.

"जितलो का?"

"जिंकलात."

"मंग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी टॅब बंद करून पिशवीत घातला. पुढे आणखी एक टप्पा होता. तो उघडला नाही.

पत्नी चहा घेऊन स्वतः बाहेर आली. त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला, साखर घातली आणि ढवळून दिली. त्यांना किती लागते ते तिने विचारले नाही. ते "गोड झाला" एवढे म्हणाले. ती "हं" म्हणाली आणि दाराशी उभी राहिली, ते उठेपर्यंत.

मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. मुलाकडचा माणूस पोचवायला दारापर्यंत जातो, त्यापुढे जायची रीत नाही. पण ती रीत आता कोणाला लागू होती, ते मला सांगता आले नसते. जालन्याची जीप उभी होती. ते आत खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. मी बाहेर उभा राहिलो. पुन्हा या, असे मी म्हणालो नाही. येतो, असे तेही म्हणाले नाहीत. चालक "जालना, जालना" ओरडत होता, आणि लोक त्याच्यासमोरून बसकडे जात होते. आत एक जागा रिकामी राहिली होती, आणि ती भरल्याशिवाय जीप निघत नाही.

"जावा आता तुमी घरी," ते खिडकीतून म्हणाले. "ऊन लई हाय."

"जातो," मी म्हणालो.

उन्हात उभे राहण्याचे माझे वय नाही. ती जागा भरायला त्या दिवशी बराच वेळ लागला. मी तिथेच होतो.