मूकपटातली बाई वहिनींशी काय बोलली?

भूतबित मी मानत नाही. कनेरगाव नाक्याच्या शाळेत गणित शिकवायचो मी! तरी हे लिहितोय, कारण त्या दुपारी मी स्वतः तिथं होतो...

स्वातंत्र्याआधीची दोन-तीन वर्षं. बोलपट येऊन जमाना झालेला. तंबूत सिनेमा दाखवणारे जुने मूकपट भंगारात काढत. माझा दोस्त दिगंबर, सरकीचा व्यापारी — त्याला ही रिळं जमवायचा नाद. त्यातही फक्त भुताची! वाशिमहून येताना निजामाच्या जकात नाक्यावरचा शिपाई विचारी, "डिब्बे में क्या है?" हा म्हणे, "चुडैल!"

"मुकंच भूत काहून रे?" मी एकदा विचारलं.

"बोलणारं भूत एकदा बोललं की संपलं, मास्तर. मुकं काय म्हणून राहिलं, ते दर खेपेला नवं वाटते."

त्याची बायको सुभद्रावहिनी. लहानपणी तापात कान गेलेले, पण ओठ बघून सगळं ओळखायच्या. पडद्यावरच्या नटांचंही! राक्षस दात विचकून यायचा आणि वहिनी पदरात तोंड लपवून हसायच्या — "अवो, माझी मिशी निघाली म्हणून राहिला ह्यो!" भीतीचा पार विचका...

त्या दुपारी गोदामाची दारं लावून दिगंबर हातानं मशीन फिरवत होता. पडद्यावर विहिरीतून एक बाई वर आली, टक लावून बघत राहिली. मी सरकीच्या पोत्यांच्या उंच थप्पीला टेकून बसलेला. वहिनी माझ्या पुढं. एकदम त्या ताडकन उठल्या.

"मास्तर, उठा! ती तुमालाच म्हणून राहिली — थप्पी सोडा!"

मी हसलो. त्यांनी माझं मनगट धरून खस्सकन ओढलं. दोघं मशीनपाशी आदळलो — आणि मागं थप्पी धाडकन कोसळली. मी बसलो होतो तिथंच.

धूळ बसल्यावर दिगंबरनं ते रीळ भिंगाखाली धरलं, एकेक चित्र पाहिलं. मीही पाहिलं. बाईचे ओठ शेवटपर्यंत मिटलेले!

"वहिनी, तुम्ही थप्पी हलताना पाहिली असेल."

"पाठ व्हती माझी तिकडं. ती बोलली, मी पाहिलं."

आवाज ऐकला म्हणावं, तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. मग कसं? 

ते रीळ आम्ही पुढं कितीदा तरी लावलं. बाई पुन्हा बोलली नाही. वहिनी मात्र दर वेळी पडद्याला हात जोडून हसत म्हणायच्या, "बरं हाय सगळं, बाई. मास्तर बी बरे हायेत."