मगरीवर बसलेला साक्षीदार

"मगर आली रे, मगर. टीव्हीवर मगर आली. आवाज वाढीव की अण्णा, आवाज वाढीव."

बापू ओरडत होता. बापू ओरडला की तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडून पन्हाळ्याला जातात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतात. हॉटेलवाल्या अण्णानं झारा कढईवर आडवा ठेवला, स्टुलावर चढला आणि आवाज वाढवला.

टीव्हीवर जिल्हा कोर्टाचं आवार होतं. कोर्टात कॅमेऱ्याला मनाई. म्हणून आमच्या केबलच्या चॅनेलनं बाहेर झाडाखाली दुसरं कोर्ट भरवलं होतं. वकील आत युक्तिवाद करायचे, बाहेर यायचे, गळ्यातला पांढरा पट्टा सारखा करायचे आणि तोच युक्तिवाद माइकपुढं पुन्हा करायचे. आत न्यायाधीश एकच. बाहेर अख्खं कोल्हापूर. साहजिकच बाहेरचा युक्तिवाद जास्त रंगायचा.

त्या दिवशी अंतिम युक्तिवाद झाला होता. आरोपीचे वकील झाडाखाली उभं राहून हसत हसत सांगत होते, "घटना डोळ्यांनी बघितली म्हणणारा साक्षीदार एकच. आणि तो कोण? महापुरात मगरीवर बसून पंचगंगा पार केली असं सांगणारा गृहस्थ. मगरीला अर्धं तिकीट दिलं म्हणतो. हे त्यानं कोर्टात शपथेवर मान्य केलंय. असल्या माणसाच्या शब्दावर चांगल्या घरातल्या पोराला जन्मठेप द्यायची काय, एवढंच मी न्यायालयाला विचारलं."

हॉटेलात टेबलं वाजली. कुणाला तरी ठसका लागला, कुणाचा चहा सांडला. सगळी माझ्याकडं वळून हसत होती.

तो साक्षीदार मी. तिसऱ्या टेबलावर, हातात चहाचा कप. ज्याचा खून झाला तो माझा मावसभाऊ, सुभाष.

आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मीसुद्धा हसलो. सवयीनं. डोक्याच्या आधी तोंड फाकलं. मग ते मिटता मिटेना.

ही मगर कुठनं आली, ते सांगितलं पाहिजे.

मी टेम्पो चालवतो. कबनूरच्या यंत्रमाग कारखान्यांतनं कापडाचे तागे उचलायचे आणि शाहूपुरीत व्यापाऱ्यांच्या दारात नेऊन टाकायचे. आम्ही बौद्ध. छप्पन सालापासनं, आजोबांपासनं. शिवाजी पेठेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी तोंडानं काढत नाही. काढायची गरज पडत नाही. नव्वदच्या पुढंमागं मी तालमीपुढच्या त्या हॉटेलात जायला लागलो, तेव्हा आत सहा टेबलं होती आणि बाहेर पाण्याच्या पिंपाला लागून एक बाकडं. अण्णा म्हणायचा, "आत गर्दी हाय. भाईर बस की, वारं लागतंय." आत दोन माणसं आणि एक झोपलेलं कुत्रं. तरी गर्दी. दोन वर्षं मी बाकड्यावर बसून वारं खाल्लं. एवढं खाल्लं, की कुणी सुई लावली असती तर थेट जोतिबाच्या डोंगरावर जाऊन पडलो असतो.

एक दिवस त्या बाकड्यावर एका हमालाला मी सांगत होतो, की तालमीच्या संघातल्या पोरानं मारलेला फुटबॉल रंकाळ्यात पडला, तिथल्या एका माशानं डोक्यानं उडवून तो परत मैदानात पाठवला, बॉल सरळ जाळीत गेला, पण पंचांनी गोल दिला नाही. का, तर मासा ऑफसाइड होता.

आतनं बापूचं हसणं आलं. बापू म्हणजे पेठेतलं बडं नाव. नदीकाठाला ऊस, गोठ्यात म्हशी, तालमीत शब्दाला मान. तो म्हणाला, "कोण रं त्यो? आत बोलवा त्येला. हितं बसून सांग."

गेलो आत. तिसरं टेबल. खुर्ची. दुसऱ्या दिवशी न विचारता जाऊन बसलो. बापू म्हणाला, "गोष्ट?"

गोष्ट नव्हती.

"मग भाईर बस. तयार झाली की ये."

हसतच म्हणाला. मीही हसतच उठलो.

तिथनं नियम पडला. गोष्ट असेल तर खुर्ची, नसेल तर बाकडं. दहा-बारा वर्षं मी रोज खुर्ची कमावली. टेम्पो चालवताना दुसरा धंदा नव्हता डोक्याला, नुसत्या थापा. बिबट्याला रिव्हर्स शिकवला. म्हशीला शिंकायला लावून इंजिन चालू केलं. पण सगळ्यात गाजली मगर. महापुरात शिरोलीच्या अलीकडं टेम्पो अडकला, तेव्हा एक मगर येऊन विचारते, पावणं, कुठं जायचं? मी म्हणतो, पलीकडं. ती म्हणते, बसा. उतरताना मी तिकिटाचं काढलं तर म्हणाली, अर्धंच द्या, परत येताना मोकळीच येणार हाय. ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल. बापू पाहुण्यांना घेऊन यायचा आणि माझ्याकडं बोट करून म्हणायचा, सांग रं.

सुभाष एकदाच आला माझ्याबरोबर त्या हॉटेलात. पोरगा कबनूरला एका कारखान्यात होता. मागावरनं सुरुवात केली, मग अक्षर चांगलं म्हणून हजेरीचं पुस्तक त्याच्याकडं आलं. त्या दिवशी त्यानं गोष्ट ऐकली, हसणं ऐकलं, चहा अर्धा ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, ही लोकं खुर्चीवर बसायला काय सांगत्यात?"

"त्यास्नी कशाला सांगायला लागतंय?"

"त्येच इचारतोय मी."

मी त्याच्यावर चिडलो. तुला गंमत कळत नाही म्हणालो. पुढं दोन महिने नीट बोललो नाही त्याच्याशी.

आता पुढचं सांगताना मी काही वाढवणार नाही.

कबनूर. दुपारचे चार. मी कारखान्याच्या गेटासमोर टेम्पो लावून ताग्यांची वाट बघत होतो. सुभाष येऊन म्हणाला, सकाळी मालकाचा मुलगा ऑफिसात आला तेव्हा मी खुर्चीवर बसून हजेरी लिहीत होतो. उठलो नाही. लिहीत राहिलो. त्याला राग आलाय. एवढं बोलून झालं आणि मालकाचा मुलगा गेटातनं बाहेर आला. हातात लोखंडी गज. म्हणाला, "खुर्ची पाहिजे व्हय तुला?" तीन घाव घातले. पहिल्या घावाला सुभाष उभा होता. तिसऱ्याला नव्हता. गेटात कामगार उभे होते. कुणी हललं नाही. आत माग चालूच होते. मी टेम्पोतनं उडी टाकून पोचलो तोवर संपलं होतं.

बास. एवढंच आहे.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. गेटातली सगळी माणसं कोर्टात आंधळी झाली. कुणी पाणी प्यायला गेलतं, कुणी लघवीला. राहिलो मी. सरकारी वकिलांपुढं जे बघितलं ते सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. मला वाटलं, अंतर विचारतील, उजेड विचारतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही मगरीवर बसून पंचगंगा पार केली, असं लोकांना सांगता?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहायचंच आहे. ते हसणं ऐकलं आणि माझ्या अंगात हॉटेल शिरलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो, पण मला दिसलं तिसरं टेबल. आता रंगवली नाही तर बाहेर जावं लागेल, असं वाटलं. मी म्हणालो, "व्हय साहेब. अर्ध्या तिकिटात."

कोर्ट हसलं. वकील हसले. मी पुढं सांगितलं, परत येताना ती मोकळीच येणार होती. सगळी परत हसली. न्यायाधीशांनी मान खाली घातली आणि शेजारी बसलेल्या बाईंना काहीतरी सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं. मला वाटलं, मैदान मारलं.

सुभाषची आई, माझी मावशी, शेवटच्या बाकावर बसली होती. ती हसली नाही. तिला ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. आयुष्यात मी मारलेली ही सगळ्यात मोठी थाप.

म्हणून त्या दिवशी टीव्हीवर मगर आली तेव्हा मला कळलं, की त्या बाईंनी काय टाइप केलं होतं.

टेबलं अजून वाजत होती, तेवढ्यात चॅनेलचा बातमीदार कॅमेरावाल्याला घेऊन हॉटेलात आला. युक्तिवादावर लोकांचं मत घ्यायला. कोर्टापेक्षा हे बरं, साक्षीदार स्वतः पुढं सरसावत होते. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "खानदानी मुलगा आहे. संस्कार असतात घरात. असं करणार नाही." वडा खाता खाता एकजण म्हणाला, "त्यांच्या कारखान्यावर किती घरं जगत्यात. एकासाठी सगळ्यास्नी उपाशी मारायचं व्हय?" कोपऱ्यातनं कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांचं काय खरं धरताय." ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं, ते बातमीदारानं विचारलं नाही. त्यालाही ठाऊक होतं.

माइक बापूपुढं गेला. बापू ऐसपैस बसला. "माणूस चांगला हाय ओ. आमच्यातच बसतोय. पण थापाड्या. वकीलसाहेब हितं च्याला आलते, मीच सांगितली त्यास्नी मगरीची. लई हसले. गंमत म्हणून सांगितली, दुसरं काय न्हाय."

गंमत म्हणून.

मग बातमीदार माझ्याकडं आला. तरुण पोरगा, दात स्वच्छ. "मामा, मगरीची गोष्ट होऊन जाऊ दे. एक मिनिटात बसवा. संध्याकाळी लागंल."

बापू म्हणाला, "सांग रं."

दहा-बारा वर्षं त्या दोन शब्दांवर मी उठून नाचलो होतो. त्या दिवशी कप खाली ठेवला. खुर्चीतनं उठलो नाही. बसूनच बोललो.

"कबनूर. दुपारचे चार. मालकाच्या पोराच्या हातात लोखंडी गज होता. तीन घाव घातले. मी बघितले."

"मामा, ते कोर्टातलं झालं. मगरीचं घेऊया की."

"मगर न्हवती. मी जन्मात मगर बघितली न्हाई. अण्णा मला भाईर बसवत हुता. गोष्ट सांगितली की बापू आत घेत हुता. म्हणून मगर केली. लोखंडी गज मी केलेला न्हाई."



"आरं, गमतीत घे की," बापू म्हणाला. आवाज पहिल्यांदाच एवढा बारीक. कबुतरं जागची हलली नाहीत.

"सुभाष गमतीत मेला न्हाई, बापू."

मी आयुष्यात त्याला नुसतं बापू म्हणालो नव्हतो. बापूसाहेब म्हणायचो.

संध्याकाळी घरात टीव्ही लावला. मास्तर लागले. वडेवाला लागला. बापू तर दोनदा लागला. शेवटी मी. माझं तोंड हलत होतं, पण आवाज बातमीदाराचा होता, "आणि हेच ते मगरीवाले साक्षीदार." दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टाच्या दारात गाठलं. माझं बोलणं कुठं गेलं म्हणून विचारलं. तो माइकची वायर गुंडाळत म्हणाला, "चाललं नसतं मामा. त्यात गंमत न्हवती."

पुढं निकाल लागला. एकमेव साक्षीदार विश्वासार्ह नाही. संशयाचा फायदा. सुटला. झाडाखाली पेढे वाटले आणि चॅनेलनं तेही दाखवलं. सरकारी वकील म्हणाले, वर अपील करायला लिहू. लिहिलं की नाही, ते विचारायला मी अजून दर महिन्याला त्यांच्या ऑफिसात जातो. बसा म्हणत नाहीत. मी बसतो.

निकालानंतर कबनूरला मावशीकडं गेलो. ती चुलीपुढं होती. म्हणालो, "मावशी, कोर्टात मगरीचं मीच बोललो. खटला मी बुडवला."

तिनं भाकरी उलटली. "मी मागं बसून ऐकत हुते," म्हणाली. "जेवून जा."

ती भाकरी मी कशी खाल्ली ते मी वाढवून सांगू शकतो. सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉटेलात गेलो. अण्णा म्हणाला, "आत गर्दी हाय."

"दिसतीया," म्हणालो आणि तिसऱ्या टेबलावर जाऊन बसलो. चहा आला नाही. बसून राहिलो. तासाभरानं आला.

बापू बघत होता. सवयीनं म्हणाला, "गोष्ट?"

"हाय की," मी म्हणालो. "कबनूर. दुपारचे चार."

तेव्हापासनं रोज. टेम्पो कुठंही असू दे, चारला मी त्या खुर्चीवर असतो आणि एवढंच सांगतो. गेट, गज, तीन घाव. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. दोनशे वेळा खोटं सांगून त्यांच्या डोक्यात मगर बसली. खरं बसवायला हजार वेळा लागतील, तर हजार वेळा सांगीन. मास्तर आता सकाळचे येतात. कोपऱ्यातल्यानं हॉटेल बदललं. बापू येतो. त्याला कोण हुसकावणार? आणि मलाही आता कुणी हुसकावू शकत नाही.

परवा माझं सांगून झालं. बापूनं बशीतला चहा फुंकला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ही ऐकलीया."

"व्हय," मी म्हणालो. "उद्या परत हाय."