धून थांबवायची कुणी

माझे गुरू आयरिश होते, सत्तरी ओलांडलेले, अंगानं जाडजूड. डच बायकोबरोबर ते तिच्याच देशात, लायडस्खेनडामला राहायचे. फोरबर्गच्या आमच्या घरापासून सायकलनं सहज जाता यायचं. दोन हजार पाचच्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, मला आयरिश पद्धतीची लाकडी फ्लूट शिकायची हुक्की आली आणि ते मला स्वयंपाकघरात बसवून शिकवू लागले. कागद नाही, स्वरलिपी नाही. ते एक तुकडा वाजवणार, मी ऐकून तो वाजवणार. ही तालीम मला ओळखीची वाटली आणि तिथंच घोटाळा झाला. मी त्यांना गुरू करून टाकलं.

गुरुपौर्णिमेला पेढे आणि नारळ घेऊन गेलो, वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं, माझं काहीतरी खाली पडलंय. तेही वाकून शोधू लागले. नारळ त्यांनी खिडकीत टोमॅटोच्या रोपाशेजारी ठेवला आणि पाणी किती घालायचं, असं विचारलं. इतक्या आस्थेनं विचारलं की, तो फोडायचा असतो हे माझ्या तोंडून निघेना. थोडंसं, असं मी म्हणालो. पुढे महिनोन् महिने ते नारळाच्या शेंडीवर पाणी घालत होते आणि मी त्याच्याकडे पाठ करून फ्लूट शिकत होतो.

त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं. वाजवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण दम लागता कामा नये, हे त्यांच्या बायकोनं मला पहिल्याच दिवशी दारात बजावलं होतं. म्हणजे जबाबदारी माझी, असा मी अर्थ घेतला.

रविवारी दुपारी एका कॅफेत वादक गोल करून बसायचे. एकानं धून सुरू करायची, बाकीच्यांनी सामील व्हायचं. दोन-तीनदा फिरवून झाली की सुरू करणारा पाय किंचित उचलायचा आणि सगळे थांबायचे. कोपऱ्यात बसून मी हे पुष्कळदा ऐकलं होतं, पण माझं लक्ष बोटांकडे असायचं. पाय मी कधी पाहिलेच नाहीत.

एका रविवारी गुरूंनी मला धून सुरू करायला सांगितलं. मी केली. धून फिरून झाली, तसं मी त्यांच्याकडे पाहिलं. गुरू वाजवताहेत आणि शिष्यानं वाद्य खाली ठेवलं, हे माझ्या हातून होणारं नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते, कारण ज्याची धून त्याच्याआधी थांबणं त्यांच्यात असभ्य. त्यांनी भुवया उंचावल्या. मला वाटलं, शाबासकी देताहेत. मी आणखी जोरात वाजवू लागलो.

धून चालूच राहिली. अकॉर्डियनवाल्याच्या बिअरचा फेस बसला. फिडलवाल्या बाई डोळे मिटून वाजवत होत्या, बहुधा झोपेतच. कुणाची तरी सिगारेट रक्षापात्रात आपोआप जळून संपली. गुरूंचा चेहरा आधी लाल झाला, मग बिटासारखा. ते माझी परीक्षा पाहताहेत आणि तीत जीव देणार, अशी माझी खात्री पटली. त्यांच्या बायकोनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"अहो," शेजारच्या टेबलावरून माझी बायको म्हणाली, "ते जातील. थांबा की आता."

ते थांबल्याशिवाय मी कसा थांबू, हे तोंडाला फ्लूट असताना सांगता येत नाही. शेवटी मला एकच सुचलं. ते जाण्याआधी त्यांची क्षमा मागायची. मी उठलो, फ्लूट तोंडापासून काढली आणि त्यांच्या बुटांवर डोकं टेकलं. त्या क्षणी सगळ्यांची वाद्यं एकदम थांबली.

"मारतोस का मला?" गुरू धापा टाकत म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही थांबाल."

"धून तुझी होती रे."

त्यांच्या बायकोनं त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. मी जमिनीवरच होतो. खूप वेळानं ती म्हणाली, नाडी ठीक आहे. मला इतकं भरून आलं की आता काहीच लपवू नये असं वाटलं.

"तो नारळ," मी म्हणालो, "त्याला पाणी घालायचं नसतं. फोडून खायचा असतो."

गुरूंच्या बायकोनं त्यांचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"आता वाढली," ती म्हणाली.