वाटपाचा नारळ आणि सहा रकाने

“वाटपाचो नारळ तुमी खंयच्या रकान्यात लिवतल्यात?”

एप्रिल २०२३मध्ये मालवणच्या दांडी किनाऱ्यावर चंद्रावती खवणेकर यांनी मला हा प्रश्न विचारला. माझ्या आहार-सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत तेल-तुपासाठी शेंगदाणा, सूर्यफूल, पाम, खोबरेल, वनस्पती आणि तूप असे सहा रकाने होते. कालवणाच्या वाटणात, म्हणजे मालवणी ‘वाटपात’, पडणाऱ्या नारळाला जागा नव्हती. मी ‘इतर’ या शब्दाचा आश्रय घेतला. तीस वर्षे मासळीबाजारात बसलेल्या चंद्रावतीबाईंना तो पटला नाही. त्यांच्या प्रश्नामागे तीन महिन्यांचा अनुभव होता.

जानेवारीत त्यांचे पती लवू यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले आढळले. डॉक्टरांनी गोळी सुचवली. चाळीस वर्षे होडी वल्हवलेल्या लवूंना तो अपमान वाटला. “मी काय म्हातारो झालंय, रोज गोळी खावक?” अखेर तीन महिन्यांची मुदत ठरली: आहार सुधारून आकडा उतरला तर गोळी टळेल.

बाईंनी ही जबाबदारी निष्ठेने स्वीकारली. खोबरेल बंद झाले, सूर्यफुलाचे तेल आले. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर लागणारे तेल एका लिटरवर आले. घावन्यांच्या तव्याला तेल पुसण्याचा सोडणाचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीचा तुकडा आता बांगड्यांसाठीही वापरला जाऊ लागला. पहिल्याच दिवशी लवूंनी ताटातला मासा उलटापालटा करून पाहिला.

“गो, ह्यो बांगडो तळलंस की इस्त्री केलंस?”

“जीव होयो तर गप खावा.”

तरीही नवऱ्याचा उतरलेला चेहरा बाईंना पाहवेना. तव्यावरची उणीव त्यांनी कालवणात भरून काढली. वाटपाला रोज एक नारळ फुटत असे, तेथे दोन फुटू लागले. शिवाय पचन सुधारावे म्हणून दुपारी सोलकढी.

एप्रिलमध्ये आकडा आणखी वाढला. लवूंचा संशय प्रयोगशाळेवर होता: “माजा नाय ता रगत. कोणाचा तरी बदाललानी!” डॉक्टरांनी त्यांना कणकवलीच्या आहारतज्ज्ञ रिया यांच्याकडे पाठवले.

“तेल किती वापरता?” रिया यांनी विचारले.

“थेंबान मोजतंय,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

“आणि नारळ?”

“नारळ खंय तेल? नारळ तो नारळ!”

रिया यांनी कागदावर आकडेमोड केली. एका नारळात साधारण शंभर ग्रॅम स्निग्धांश, तोही बहुतांशी संपृक्त, म्हणजे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारा. तीन लिटर तेल वाचवून बाईंनी महिन्याला जवळपास तितकीच चरबी वाटपातून पोटात घातली होती, आणि ती अधिक घातक जातीची होती.

मग लवू पत्नीकडे वळले.

“म्हणजे तीन म्हयने इस्त्रीचे बांगडे मी फुकट खाल्लंय?”

“आणि सोलकढी वाटये वाटये पियालास, ता कोण सांगतलो?”

दोन वाटा उरल्या होत्या: नारळ जवळजवळ सोडणे, किंवा तो मर्यादेत ठेवून गोळी सुरू करणे. लवूंनी फार वेळ घेतला नाही. “गोळी लिवा,” ते म्हणाले, “पण आयतवारची सोलकढी माका होयी.”

आठवड्याभराने मी प्रश्नावली घेऊन त्यांच्या ओट्यावर पोहोचलो, आणि बाईंनी वाटपाच्या नारळाचा तो प्रश्न विचारला.

सप्टेंबर २०२५मध्ये लवू खवणेकर यांची रोजची गोळी चालू होती, आणि घरात एक नारळ दोन दिवस पुरत होता.